कामाची गती आणि माणसांची गळती : एका खेळापासून घेण्याचा धडा

कारखाना लहान असो वा मोठा, मालकाला दोन चिंता सदैव असतात. काम कोणत्या गतीने पुढे न्यावे ही एक, आणि हाताखालची माणसे कशी टिकवावीत ही दुसरी. कापडाच्या धंद्यात इतकी वर्षे काढल्यावर आमचे मत असे झाले आहे की या चिंता दोन नाहीत, एकच आहे. गती चुकली की माणसे जातात आणि माणसे गेली की गती आणखी बिघडते. याचा स्वच्छ हिशेब पाहावयाचा असेल तर वाचकांना आम्ही आज संगणकावरच्या एका खेळाकडे नेऊ इच्छितो. मुलांनी त्यात किती वेळ घालवावा हा प्रश्न वेगळा. पण खेळ चालविणारी कंपनी ही दुकानदारच आहे आणि तिचा अनुभव आपल्या कामाचा आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ अमेरिकेतील ब्लिझर्ड कंपनीने नोव्हेंबर २००४ मध्ये बाजारात आणला. अमेरिका आणि युरोपात त्याची दरमहा वर्गणी भरावी लागते. ऑक्टोबर २०१० मध्ये कंपनीने आपले वर्गणीदार जगभरात १ कोटी २० लाख असल्याचे जाहीर केले होते. गिऱ्हाईक दर महिन्याला टिकवावे लागते, हे येथे ध्यानात घ्यावे.

या खेळातील सर्वात अवघड कामाला 'रेड' म्हणतात. रेड म्हटले की आपल्या व्यापारी बांधवांना आयकर खात्याची आठवण येईल, पण येथे अर्थ वेगळा आहे. बऱ्याच खेळाडूंनी एकत्र जमून किल्ल्यात शिरायचे आणि तेथील बलाढ्य सरदारांना एकेक करून हरवायचे. काहींनी मार झेलायचा, काहींनी जखमा भरायच्या, बाकीच्यांनी वार करायचे. अशा कायम टोळीला 'गिल्ड' म्हणतात. हा शब्द मूळचा युरोपातील जुन्या कारागीर-संघांचा आहे.

सुरुवातीच्या मोठ्या रेडमध्ये ४० माणसे लागत. सरदार पडला की हत्यारे-चिलखतांचे मोजकेच नग मिळत आणि ते चाळीस जणांत वाटायचे असत. शिवाय तोच सरदार त्याच आठवड्यात पुन्हा मारता येत नसे. त्यामुळे टोळीची ताकद आठवड्या-आठवड्याने, हळूहळू वाढे. कामाची गती कंपनीने अशी आपल्या हाती ठेवली होती.

आता अशा टोळीतून एक जाणता माणूस निघून गेला तर काय होते? नव्याकडे हत्यार नाही आणि सरावही नाही. त्याला तयार करण्यासाठी बाकीच्यांना जुन्याच किल्ल्यात फेऱ्या माराव्या लागतात. एकाच्या जाण्याची किंमत एकोणचाळीस जण आपल्या वेळेने भरतात. त्यांतील एखादा कंटाळतो, तोही जातो, आणि खर्च दुप्पट होतो. गळतीचा खरा बोजा जाणाऱ्यावर पडत नाही, राहणाऱ्यांवर पडतो. खातेवहीत हा खर्च कोठेच दिसत नाही, म्हणून मालकाच्या तो उशिरा लक्षात येतो.

कंपनीच्या हातून गती कशी चुकली ते पाहू.

पहिली चूक, कामाचे माप अचानक बदलणे. जून २००६ मध्ये नॅक्सरामस नावाचा अतिशय कठीण किल्ला उघडला. तेथपर्यंत फारच थोड्या टोळ्या पोहोचल्या. जानेवारी २००७ मध्ये खेळाचा पुढचा भाग आला आणि मोठ्या कष्टाने मिळवलेल्या हत्यारांची किंमत उतरली. त्याच वेळी टोळीचे माप ४० वरून २५ वर आणले गेले आणि पहिला किल्ला तर फक्त १० जणांचा ठेवला. चाळीस जणांचे घर बांधून बसलेल्या टोळीने उरलेल्या पंधरा जणांना काय सांगावे? त्या काळात अनेक जुन्या गिल्ड मोडल्या.

दुसरी चूक, दारावर अटींचे कुलूप. या नव्या भागात पुढच्या किल्ल्यात शिरण्यापूर्वी प्रत्येकाने मागच्या किल्ल्यातील ठराविक कामे पुरी केलेली असावी लागत. परिणाम असा झाला की मोठ्या टोळीत जागा रिकामी झाली की ती नवख्याला शिकवीत बसत नसे. लहान टोळीतला तयार माणूस उचलून आणी. शिकवण्याची मेहनत लहानाची, फळ मोठ्याचे. ज्यांच्या कारखान्यात शिकलेला कारागीर शेजारच्या मोठ्या कारखान्यात जातो, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको. वरच्या दोन किल्ल्यांची अट कंपनीने मार्च २००८ मध्ये काढून टाकली.

तिसरी चूक, लांबलेला रिकामा काळ. सप्टेंबर २०१३ मध्ये 'सीज ऑफ ऑर्गरिमार' हा १४ सरदारांचा किल्ला आला आणि त्यानंतर १४ महिने नवे काहीच आले नाही. जून २०१४ अखेर वर्गणीदार ६८ लाखांवर आले होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये नवा भाग येताच आकडा १ कोटीच्या वर गेला, पण मार्च २०१५ अखेर ७१ लाख आणि जूनअखेर ५६ लाख झाला. याला इतर कारणेही असतील. तरी एवढे स्पष्ट आहे की नव्या मालाने गिऱ्हाईक परत येते, पण त्याला थांबवून ठेवते ती पुढच्या कामाची खात्री.

आता बरोबर केलेले एक काम. डिसेंबर २००९ मध्ये 'आइसक्राउन' किल्ला उघडला तेव्हा १२ पैकी पहिले चारच सरदार खुले होते. पुढची दालने टप्प्याटप्प्याने उघडली आणि शेवटचा लिच किंग फेब्रुवारी २०१० मध्ये समोर आला. जलद टोळ्यांना आपले कसब दाखवण्याची संधी मिळाली. त्यानंतर कंपनीने सर्व खेळाडूंची ताकद किल्ल्यात ५ टक्क्यांनी वाढवली, आणि थोड्या थोड्या अवधीने ती वाढ ३० टक्क्यांपर्यंत नेली. ज्यांना ही मदत नको त्यांना ती नाकारण्याची मुभा होती. यामुळे उस्तादांचा मान राहिला आणि मधल्या टोळ्याही अडलेल्या जागेवरून पुढे सरकल्या. पुढे २०१३ पासून दहा ते पंचवीस यांतील कितीही माणसे चालतील असा प्रकारही सुरू झाला. एक-दोघे न आल्याने सारे काम बंद पडण्याची पाळी गेली.

यातून आपण काय घ्यावे? कामाची गती सर्वात हुशार कारागिराकडे पाहून ठरवू नये, सर्वात मंद माणसाकडे पाहूनही नाही. मधल्या माणसाला महिन्याभरात आपण पुढे सरकलो असे वाटले पाहिजे. अवघड काम आधी उस्तादाकडे द्यावे, त्याचा मान राखावा, मग तेच काम सोपे करून सर्वांत वाटावे. मंदीचे महिने येणार हे ठाऊक असते. तेव्हा हाताला काय काम द्यायचे ते तेजीतच ठरवावे. आणि शिकवणाऱ्याला शिकवण्याचा मोबदला वेगळा द्यावा, नाहीतर गळतीचा बोजा त्याच्याच पाठीवर पडून तोही एके दिवशी जाईल.

व्यापारी बांधवांनी स्वतःशी तीन प्रश्न विचारावेत :

१) गेल्या वर्षी किती कारागीर गेले, आणि त्यांच्या जागी आलेल्यांना तयार करण्यात इतरांचे किती दिवस गेले?

२) आपल्याकडे दोन वर्षे राहिलेल्या माणसाला आज असे कोणते काम येते, जे त्याला पहिल्या दिवशी येत नव्हते?

३) एक माणूस आजारी पडला तर आपले कोणते काम पूर्ण थांबते?

उत्तरे कागदावर लिहून काढावीत. तोंडी हिशेबात हा खर्च सापडत नाही.