बाबांच्या सायकलचे ब्रेक

घर्षणावरचे प्रयोग आपण सगळ्यांनीच जर्नलमध्ये उतरवलेत. मला मात्र घर्षण खरं कळलं ते पाबे घाटात!

पावसाळ्यात घरी गेलो होतो. बाबांच्या जुन्या काळ्या सायकलवरून घाटातून वेल्ह्याकडे उतरत होतो. दोन्ही लिव्हर हँडलला टेकल्या तरी सायकल थांबेना. शेवटी डोंगराकडच्या चरात घातली. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पण याच सायकलवर धाकटी बहीण रोज शाळेत जाते, हे आठवलं आणि रात्री झोप लागली नाही.

या सायकलींना सळईचे ब्रेक असतात. लिव्हर दाबली की सळया खेचल्या जाऊन रबर रिमच्या आतल्या, आऱ्यांकडच्या अंगाला दाबतं. आमच्या सायकलच्या सांध्यांतल्या पिना झिजल्या होत्या, त्यामुळे लिव्हरची निम्मी हालचाल वायाच जायची. रबर तर दगडासारखं कडक झालं होतं.

थोडं गणित करू. ताशी ३० कि.मी. म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. ब्रेकने दर सेकंदाला हा वेग ३ मीटरने कमी केला, तर सपाट रस्त्यावर सायकल सुमारे १२ मीटरवर थांबते. ओल्या स्टीलच्या रिमवर तोच आकडा १ वर आला, तर ३५ मीटर लागतात! उतारावर त्याहून जास्त. वेग निम्मा ठेवला, तर अंतर मात्र पावपट होतं.

वाटलं, वायरचे ब्रेक बसवून टाकू. पण या रिमची बाजू गोलाकार. त्यांचं रबर तिथे नीट टेकत नाही. त्यासाठी सपाट बाजूची रिम घालून चाकच नव्याने बांधावं लागतं. म्हणून भोरच्या बाजारातून पिना आणि रबरं आणली, सांधे घट्ट केले, रिम घासून पुसली. खर्च किरकोळ, वेळ एक दुपार.

होस्टेलवर बहुतेकांच्या सायकलींना वायर आहे. वायरची एक जरी तार तुटलेली दिसली तरी ती बदला. आऊटर कुठे दुमडू देऊ नका, टोक सरळ कापा, आत थोडं ग्रीस घाला. तेल रिमवर मात्र अजिबात नको.

बहिणीला सांगितलं, "पावसात ब्रेक आधीपासून हलके धरायचे. रिमवरचं पाणी पुसलं गेलं की मग पकड येते."

तिने विचारलं, "दादा, तू इंजिनिअरिंगला जाऊन तीन वर्षं झाली. मग हे आधी का नाही केलंस?"

या व्हायव्हात मी नापास झालो.