टोनर संपला की ड्रम गेला?

बडोद्याच्या घडियाळी पोळातून मामांचा फोन आला की वाक्य ठरलेलं : "अरे, प्रिंटर बंद पडला." दागिन्यांच्या त्या चिंचोळ्या दुकानात प्रिंटर तीन. त्यातला कुठला, आणि बंद म्हणजे नक्की काय, ते आपण ओळखायचं. हेच वाक्य ते दुरुस्तीवाल्यालाही ऐकवतात. मग तो येऊन "ड्रम गयो छे" म्हणतो आणि मामा पाकीट काढतात.

याच बडोद्यात १९३१ साली कारभारातल्या शब्दांचा आठ भाषांमधला कोश निघाला होता, 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु'. प्रिंटरसाठी एवढा पसारा नको, एका भाषेतले आठ-दहा शब्द पुरतात.

आधी यंत्राची जात ओळखा. गल्ल्याजवळचा बिलांचा छोटा प्रिंटर थर्मल असतो. त्यात शाई नसतेच, उष्णतेनं कागदच काळा होतो. बिल कोरं आलं तर बहुधा रोल उलटा बसलेला असतो. कागदावर नख ओढा, ज्या बाजूला काळपट रेघ उठेल ती छपाईची बाजू. हे बिल काही महिन्यांत फिकं पडतं, म्हणून सोन्याच्या खरेदीचं थर्मल बिल मिळालं तर त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा. दागिन्यांचे टॅग छापणाऱ्या यंत्रात बहुधा रिबन असते. तिच्यावरचा रंग उष्णतेनं टॅगवर उतरतो, त्यामुळे तो टिकतो. या प्रकाराला थर्मल ट्रान्सफर म्हणतात.

खरा घोळ होतो लेझरमध्ये. टोनर म्हणजे प्लॅस्टिकची बारीक रंगीत पूड. ड्रम म्हणजे चकचकीत नळकांडं. लेझर त्याच्यावर अक्षरं रेखतो, तिथे पूड चिकटते आणि कागदावर उतरते. फ्यूजर म्हणजे तापलेला रोलर, तो ही पूड वितळवून कागदात पक्की करतो. पान गरम बाहेर येतं ते यामुळेच. आता बिघाड ओळखणं सोपं आहे. पानाचा एखादा पट्टा फिका येत असेल तर टोनर संपत आलाय. टोनरचं कार्ट्रिज, म्हणजे पुडीचा डबा, काढून आडवं धरा, सावकाश डावी-उजवीकडे हलवा, आणखी थोडी पानं निघतील. एकच डाग पानावर ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा उमटत असेल तर ड्रमचा किंवा एखाद्या रोलरचा संशय घ्या. पट्टीनं ते अंतर मोजून दुरुस्तीवाल्याला सांगा, त्यावरून नेमका रोलर सापडतो. अक्षर बोटानं पुसलं जात असेल तर फ्यूजर, किंवा कागद जाड आणि सेटिंग साध्या कागदाचं. पुष्कळ छोट्या यंत्रांत ड्रम कार्ट्रिजमध्येच असतो. तेव्हा कुणी वेगळ्या ड्रमचे पैसे मागितले तर "तो दाखवा बघू" म्हणायचं.

टोनरच्या खोक्यावर '१५०० पानं' लिहिलेलं असतं, ते पानाचा सुमारे ५ टक्केच भाग छापला जाईल असं धरून. काळाभोर लोगो छापणाऱ्यानं तेवढ्या पानांची आशा धरू नये.

घरच्या इंकजेटबद्दल एवढंच : रंग तुटक आला तर आधी 'नोझल चेक' छापा, रेघा तुटलेल्या दिसल्या तरच 'हेड क्लीनिंग' करा. सफाईतही शाईच खर्च होते. आठवड्याला एक रंगीत पान काढलं तर ती वेळ सहसा येत नाही.

कागदाच्या रिमवरचा जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर पान चौरस मीटरच्या सोळाव्या हिश्शाएवढं, म्हणजे ८० जीएसएमचं एक पान ५ ग्रॅमचं. मामांच्या काट्यावर आम्ही दहा पानं तोलली. रिमवर ७५ छापलं होतं, काटा ४७ ग्रॅमच्या आसपास थांबला. हिशेब बरोबर! पावसाळ्यात मात्र कागद ओल धरतो, जड होतो आणि यंत्रात अडकतो. रिम गुंडाळूनच ठेवावी.

उरले संगणकातले दोन शब्द. स्पूलर म्हणजे छापायच्या कामांची रांग लावणारा कारकून. एक काम अडलं की मागची सगळी खोळंबतात. रांगेतलं काम रद्द करा, तरी हललं नाही तर विंडोजच्या 'सर्व्हिसेस'मध्ये जाऊन 'प्रिंट स्पूलर' रीस्टार्ट करा. डिफॉल्ट प्रिंटर म्हणजे तुम्ही नाव न सांगता काम ज्याच्याकडे जातं तो. विंडोजला मोकळीक दिली असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटरच ते डिफॉल्ट करून टाकतं. सेटिंगमधली ती खूण काढून टाकावी.

परवाच्या फोनवर मामांना विचारलं, "कुठला प्रिंटर?" "बिलाचा. किती वेळा बटण दाबलं, ढिम्म हलत नाही." म्हटलं, माळ्यावर जाऊन लेझर बघा. एकाच गिऱ्हाइकाची अकरा बिलं ट्रेमध्ये पडली होती, प्रत्येक अख्ख्या ए-फोर पानाच्या कोपऱ्यात बोटभर.