पाहुण्या संघाचे गणित

समजा गंगाखेडच्या एका शाळेचा फुटबॉल संघ परवा परभणीला सामना खेळायला जाणार आहे. मराठवाड्यात फुटबॉलपेक्षा कबड्डीचे आणि क्रिकेटचे वेड अधिक, हे खरे. पण गावचा संघ बाहेरगावी निघाला की खेळ कोणताही असो, सल्ला देणाऱ्यांना तोटा नसतो. शाळेच्या फाटकाशी, एस.टी. स्थानकावर, चहाच्या टपरीवर एकच चर्चा सुरू होते. एक वडीलधारे गृहस्थ म्हणतात, "परक्या गावात उगाच छाती काढून खेळू नका रे. एक बचावपटू वाढवा. बरोबरी झाली तरी गंगेत घोडे न्हाले म्हणायचे!" त्यावर दहावीतला एखादा मुलगा उसळून विचारतो, "काका, नुसते वाचवत बसलो तर गोल कोण करणार?" मग कोणाला संघात घ्यावे, कोणाला वगळावे, यावर दिवस मावळेपर्यंत तोंडाची वाफ दवडली जाते.

अशा वादात विज्ञानाला काही बोलता येईल का? येते, आणि ते बरेच मनोरंजकही असते.

पहिल्यांदा हा वाद संपत का नाही ते पाहू. समजा, संघात १८ खेळाडू आहेत. त्यांपैकी २ गोलरक्षक आणि १६ इतर. गोलरक्षक निवडण्याच्या रीती २. उरलेल्या १६ मधून १० खेळाडू निवडण्याच्या रीती ८,००८. (ही संख्या कशी काढतात ते पुढील वर्गांत संयोगांच्या प्रकरणात शिकाल.) म्हणजे २ × ८,००८ = १६,०१६ संघ झाले. पण एवढ्याने भागत नाही. निवडलेल्या दहांपैकी कोणते ४ बचावाला, कोणते ४ मधल्या फळीत आणि कोणते २ आघाडीला, हे ठरवण्याच्या रीती आणखी ३,१५०. दोन्हींचा गुणाकार ५,०४,५०,४०० होतो! मिनिटाला एक या वेगाने, झोप न घेता, या सर्व संघांवर चर्चा करायची म्हटले तर सुमारे ९६ वर्षे लागतील. सुदैवाने बचावपटू कोण आणि नेमबाज कोण हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून खरा वाद दोनतीन जागांवरच होतो. तिथे मात्र तो नेटाने होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. परक्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला खरोखरच तोटा होतो का, की ती नुसती समजूत आहे?

तोटा होतो, आणि तो मोजलेला आहे. युरोपातील फुटबॉल संघटनेने, म्हणजे युएफाने, २०२१ साली आपल्या पुरुषांच्या स्पर्धांची आकडेवारी जाहीर केली. १९७० ते १९८० या दशकाच्या मध्यास शंभरापैकी ६१ सामने यजमान संघ जिंकत असत आणि पाहुणा संघ केवळ १९. पुढे हे अंतर घटत घटत ४७ आणि ३० वर आले. सामन्यामागे गोलांची सरासरी पूर्वी यजमानांची २.०२ आणि पाहुण्यांची ०.९५ होती, ती पुढे १.५८ आणि १.१५ झाली. याच आकड्यांच्या आधारे युएफाने १९६५ पासूनचा एक नियम रद्द केला. दोन सामन्यांच्या लढतीत एकूण गोल समान झाले, तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ विजयी ठरे. तो हा नियम. पाहुण्याची अडचणच कमी झाली, तर त्याच्या गोलाला जादा मोल कशासाठी, असा तो विचार होता.

या तोट्याची कारणे कोणती? प्रवासाचा शीण हे एक. पण गंगाखेडहून परभणी चाळीसएक किलोमीटर. एवढ्या प्रवासाने धडधाकट मुले थकत नाहीत. हवामान हे दुसरे. बोलिव्हियाचे ला पाझ शहर समुद्रसपाटीपासून ३,६०० मीटरहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवेतही ऑक्सिजनचे प्रमाण आपल्याइतकेच, सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ दोनतृतीयांश असल्यामुळे प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन तेवढाच कमी होतो. सखल प्रदेशातले खेळाडू तेथे धापा टाकू लागतात. शिवाय विरळ हवेचा विरोध कमी असल्याने चेंडू सवयीपेक्षा लांब जातो. २००९ साली अर्जेंटिनासारखा बलाढ्य संघ तेथे १–६ असा हरला. आपल्या दोन गावांच्या उंचीत नाव घेण्यासारखा फरक नाही, तेव्हा हेही कारण बाद.

उरले प्रेक्षक आणि मैदान.

प्रेक्षकांच्या आरडाओरड्याने खेळाडूंना चेव येतो असे आपण म्हणतो. पण त्या आवाजाचा परिणाम पंचावरही होतो. इंग्लंडमध्ये केलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. चाळीस पंचांना एकाच सामन्यातील प्रसंगांचे चित्रण दाखवून फाऊल कोणाचा ते विचारले. काही पंचांना चित्रणाबरोबर प्रेक्षकांचा आवाज ऐकवला, इतरांना नाही. आवाज ऐकणाऱ्या पंचांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाऊल दिले! हे पंच लबाड होते असे मुळीच नाही. संशयाच्या क्षणी माणूस भोवतालच्या गलक्याकडून नकळत सल्ला घेतो, इतकेच.

असा प्रयोग प्रत्यक्ष मैदानावर करायचा तर प्रेक्षकांना घरी बसवावे लागेल. कोविडच्या साथीने नेमके तेच केले. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ सगळा रिकाम्या स्टेडियममध्ये झाला. ३८० सामन्यांपैकी यजमानांनी १४४ जिंकले, पाहुण्यांनी १५३, आणि ८३ बरोबरीत सुटले. तेथील अव्वल साखळीत १८८८ पासून प्रथमच पाहुणे पुढे गेले. अर्थात त्या हंगामात सामन्यांची दाटीही विलक्षण होती, त्यामुळे सगळे श्रेय रिकाम्या बाकांना देऊन मोकळे होणे शास्त्रीय ठरणार नाही. पण प्रेक्षकांचा वाटा मोठा असावा, हे मानायला चांगला आधार मिळाला.

आपल्याकडे फुटबॉलचे वेड पाहायचे तर कोल्हापूरला जावे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे पेठापेठांचे संघ आणि त्यांचे कट्टर समर्थक! स्थानिक साखळीत हे संघ एकाच शाहू स्टेडियमवर एकमेकांशी भिडतात. म्हणजे प्रवास नाही, मैदानही परके नाही; फरक असलाच तर कोणाच्या पेठेचा गलका मोठा एवढाच. कोल्हापूरच्या एखाद्या विद्यार्थ्याने हंगामभर वही घेऊन हा गलका आणि पंचांचे निर्णय यांची नोंद ठेवली, तर सुरेख प्रकल्प होईल.

आता मैदान. संघ निवडताना याचा विचार सर्वांत आधी व्हावा असे मला वाटते, पण टपरीवरच्या चर्चेत तो क्वचितच निघतो. फुटबॉलचे मैदान एकाच मापाचे नसते. नियमानुसार लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. समजा, आपली मुले रोज ९० × ४५ मीटरच्या मैदानावर सराव करतात आणि सामना १०५ × ६८ मीटरच्या मैदानावर आहे. पहिल्याचे क्षेत्रफळ ४,०५० चौरस मीटर, दुसऱ्याचे ७,१४०. मैदानावरच्या २२ जणांत वाटले, तर घरी प्रत्येकाच्या वाट्याला १८४ चौरस मीटर येतात आणि परगावी जवळजवळ ३२५. घरी दोन ढांगांत चेंडू गाठणारा बचावपटू तेथे उशिरा पोहोचेल. दोन्ही बगलांना मोकळी जागा पडेल. तेव्हा धिप्पाड पण संथ खेळाडूपेक्षा तेथे काटक आणि पळणारा अधिक उपयोगी. जमिनीचेही तसेच. आपली काळी माती उन्हात भेगाळून टणक होते आणि पावसाने चिकट होते. टणक जमिनीवर चेंडू उंच उसळतो, ओलीवर रुतून थांबतो. परभणीला आदल्या दिवशी पाऊस झाला का, हे एखाद्या नातलगाला फोन करून विचारणे हा फुकटातला उत्तम डावपेच आहे!

यानंतर काकांचा आणि त्या मुलाचा वाद. सावध खेळावे की धीटपणे?

फुटबॉलमध्ये गोल विरळ होतात आणि अवचित होतात. अशा घटनांचे गणित प्वासाँ या फ्रेंच गणितज्ञाने १८३७ साली मांडले. एखादी घटना सरासरीने किती वेळा घडते एवढे ठाऊक असले, की ती एकदाही न घडण्याची, एकदा घडण्याची, दोनदा घडण्याची संभाव्यता त्याच्या सूत्राने काढता येते. युएफाच्या सरासऱ्या, म्हणजे यजमान १.५८ आणि पाहुणे १.१५, त्यात घालून पाहू. पाहुण्यांच्या विजयाची शक्यता २८ टक्के, बरोबरीची २५ आणि पराभवाची ४७ टक्के येते. प्रत्यक्षातले आकडे ३०, २३ आणि ४७ होते. इतक्या साध्या सूत्राने एवढे जवळचे उत्तर दिले, तेव्हा पुढच्या प्रश्नासाठी त्याच्यावर थोडा भरवसा ठेवायला हरकत नाही.

समजा, आपण सामना संथ केला. चेंडू आपल्याकडे राखून छोटे छोटे पास देत राहिलो, घाई केली नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या गोलांची सरासरी निम्मी झाली असे धरू. आता विजय २४ टक्के, बरोबरी ३९, पराभव ३७. विजयाची शक्यता चार टक्क्यांनी घटली, पण पराभव टळण्याची शक्यता ५३ वरून ६३ वर गेली. काकांचे म्हणणे खरे ठरले!

थांबा. काकांनी सामना संथ करा असे म्हटले नव्हते. एक बचावपटू वाढवा असे म्हटले होते. आघाडीचा खेळाडू काढून बचावपटू घेतला, सगळे आपल्या गोलापाशी गोळा झाले आणि चेंडू पुन्हा पुन्हा प्रतिपक्षाच्या पायात गेला, तर काय होईल? समजा, आपली गोलांची सरासरी निम्मी झाली, पण त्यांची केवळ एकचतुर्थांशाने घटली. मग विजय १८ टक्के, बरोबरी ३१, पराभव ५१. पराभव टळण्याची शक्यता ४९ टक्के, म्हणजे मूळच्या ५३ पेक्षाही कमी! बचाव वाढवूनही पराभव टळण्याची आशा सुधारली नाही.

म्हणजे सामना संथ करणे वेगळे आणि बचावात दडून बसणे वेगळे. पहिल्यासाठी जादा बचावपटू नको. दडपणाखाली चेंडू पायात राखणारा मधल्या फळीचा खेळाडू हवा. संघातल्या ज्या जागेवर वाद चालला आहे, तेथे तोच घ्यावा.

हे सावध खेळणे किती लाभाचे, हे स्पर्धेच्या नियमावरही अवलंबून असते. पूर्वी साखळी स्पर्धेत विजयाला २ गुण आणि बरोबरीला १ गुण मिळे. इंग्लंडमध्ये १९८१ पासून विजयाला ३ गुण देऊ लागले आणि विश्वचषकात १९९४ पासून. वरील शक्यतांनी गुणांची सरासरी काढली, तर २ गुणांच्या पद्धतीत नेहमीच्या खेळाने ०.८० आणि संथ खेळाने ०.८७ गुण पडतात. ३ गुणांच्या पद्धतीत १.०८ आणि १.११. सावधपणाचा नफा निम्म्याहून कमी झाला. नियम करणाऱ्यांचा हेतूही तोच होता. आणि पुढच्या फेरीसाठी विजयच आवश्यक असेल, तर संथ खेळून चालणार नाही. तेव्हा त्या दहावीतल्या मुलाचे ऐकावे.

हे सारे सूत्राशिवाय पडताळून पाहायचे असेल, तर सापशिडीचे दोन फासे घ्या. पूर्ण सामना ९० मिनिटांचा धरला, तर एक फेक म्हणजे ५ मिनिटे, आणि १८ फेकी म्हणजे एक सामना. दोन्ही फाशांची बेरीज ३ आली तर पाहुण्यांचा गोल, ४ आली तर यजमानांचा. एरवी काही नाही. छत्तीस प्रकारांत बेरीज ३ दोनदा येते आणि ४ तीनदा. त्यामुळे पाहुण्यांची सरासरी १ गोल आणि यजमानांची दीड गोल पडते. वर्गातल्या ४० मुलांनी प्रत्येकी ५ सामने खेळले की २०० सामने होतील. त्यांत बरोबरीचे पन्नासच्या आसपास निघावेत. मग संथ सामन्यासाठी १८ ऐवजी ९ फेकी टाका. बरोबरीचे सामने पाऊणशेच्या पुढेमागे जातील. दडून बसण्याचा तिसरा प्रकार फाशांनी कसा खेळावा, ते तुम्हीच ठरवा. त्यासाठी कोणत्या बेरजा घ्याव्यात हे शोधण्यातच खरी गंमत आहे. आणि परभणीचा संघ परतभेटीला गंगाखेडला आला, तर ३ आणि ४ या बेरजांची अदलाबदल करून फासे पुन्हा फेका.