जलपरीचा बटवा

शार्कची गाठ घ्यायला स्कॉटलंडच्या गारठलेल्या पाण्यात उडी मारायची गरज नाही. ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर रबरी बूट घालून, मान खाली घालून दोन तास चालायची तयारी हवी. शार्क आणि त्यांची भावंडं असलेले स्केट यांच्या अंड्यांच्या रिकाम्या पिशव्या तिथं वाहून येतात. तिकडचे लोक त्यांना जलपरीचा बटवा म्हणतात. ब्रिटनमधला शार्क ट्रस्ट 2003 पासून सामान्य माणसांकडून या बटव्यांच्या नोंदी गोळा करतो आहे. (कोळणीच्या पाटीतलं आपलं काटेरी शेपटीचं पाकट थेट पिल्लंच घालतं, म्हणून हा प्रकार आपल्या फारसा ओळखीचा नाही.)

वादळ शमल्यानंतरची सकाळ सर्वांत चांगली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहून निघावं. डिसेंबरात तिथं उजेड जेमतेम सहा तास असतो. पाण्याच्या कडेनं फिरू नये. भरती जिथवर येऊन गेली तिथं शेवाळाची वाळलेली रांग पडलेली असते, ती काठीनं उलटीपालटी करावी. बटवा चामड्याच्या काळपट तुकड्यासारखा दिसतो. पहिला सापडेपर्यंत वैताग येतो, मग नजर बसते.

उचलल्यावर हाताला जड लागला तर उजेडासमोर धरून पाहावा. आत बलक किंवा हालचाल दिसली तर पिशवीत न टाकता खडकाच्या आडोशाला, पाण्याखालच्या शेवाळात परत ठेवावा. पाणबुड्यांनी तर तळाशी दिसलेल्या अंड्याला हातच लावू नये. फोटो आणि खोली पुरे. फ्लॅपर स्केटचं पिल्लू बाहेर यायला सुमारे दीड वर्ष लागतं, आपण मध्येच ढवळाढवळ कशाला करायची?

आता नवशिक्यांची हमखास चूक. वाळलेला बटवा आकसतो, वळतो, आणि लोक तसाच मोजून मोकळे होतात. तो आधी साध्या पाण्यात भिजत घालावा: लहान असेल तर काही तास, मोठा असेल तर रात्रभर किंवा त्याहून जास्त. बादली घराबाहेरच ठेवावी, का ते दुसऱ्या दिवशी वासावरून कळेल. फुगून मूळ आकारात आला की पट्टी लावावी. टोकांची शिंगं किंवा तंतू सोडून फक्त पिशवीची लांबी-रुंदी घ्यावी.

मग कोपरे पाहावेत. वेलीसारखे गुंडाळलेले तंतू असतील तर तो शार्कचा. बोटाएवढा असेल तर ठिपक्यांच्या लहान कॅटशार्कचा, 10 सेंटीमीटरांच्या आसपास आणि जाड असेल तर नर्सहाउंडचा. तंतूंऐवजी शिंगं असतील तर स्केटचा. तळहाताहून मोठा निघाला तर तो बहुधा फ्लॅपर स्केटचा. या माशाला पूर्वी ‘कॉमन’, म्हणजे सर्रास आढळणारा स्केट म्हणत. आज तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. उन्हाळ्यात स्कॉटलंडच्याच हेब्रिडीज बेटांजवळ दिसणाऱ्या अजस्र बास्किंग शार्कचा बटवा मात्र शोधत बसू नये, तोही पिल्लंच घालतो.

शेवटी तारीख, किनाऱ्याचं नाव, नकाशावरची नेमकी जागा, संख्या आणि पट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंनी काढलेले फोटो ट्रस्टकडे पाठवावेत. जात ओळखता आली नाही तर अंदाज ठोकू नये. फोटोवरून तिथले जाणकार ठरवतात. बटवा पुन्हा वाळवून खिडकीत ठेवायचा असेल तर खुशाल ठेवावा, पण वास पूर्ण गेल्यावर.