धूर बरा की वाफ बरी?



गेल्या महिन्यात वैरागला अकरावीच्या वर्गात मी सुप्त उष्णता शिकवीत होतो. तास संपल्यावर एक विद्यार्थी मागे रेंगाळला. म्हणाला, "सर, पाण्याची वाफ होते तेव्हा पाणी जळत नाही ना?"

मी म्हणालो, "नाही. नुसती अवस्था बदलते."

"मग सिगारेटऐवजी व्हेप ओढले तर बरे, नाही का? त्यातही काही जळत नाही म्हणतात."

थोडे विचारल्यावर उलगडा झाला. त्याचे काका पुण्याला नोकरी करतात. वीस वर्षे सिगारेट ओढत होते. आता खिशात पेनासारखे एक यंत्र बाळगतात आणि "मी सिगारेट सोडली" असे घरी सांगतात. दिवाळीला गावी आले, तेव्हा ते यंत्र फडताळात पडलेले असे. प्रश्न त्याने काकांचा विचारला, पण 'मी एकदा ओढून पाहिले तर काय बिघडेल?' हा दुसरा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावर दिसत होता. हे दोन्ही प्रश्न तुमच्यापैकी अनेकांचे असतील, म्हणून आज त्यांचा नीट विचार करू या.

पातेल्याचा तळ आणि पातेल्याचे झाकण

चुलीवर पाणी तापत ठेवलेले पातेले आठवा. त्याच्या तळाला काजळी धरते, तर झाकणाच्या आतल्या बाजूला स्वच्छ पाण्याचे थेंब जमतात. तळाशी ज्वलन आहे, झाकणाशी बाष्पीभवन आणि संघनन आहे. ज्वलनात मूळ पदार्थ नष्ट होऊन नवे पदार्थ तयार होतात. बाष्पीभवनात पदार्थ तोच राहतो.

सिगारेट ही तळाकडची गोष्ट आहे. झुरका घेताना तिच्या टोकाचे तापमान सुमारे 900 अंश सेल्सिअसपर्यंत जाते. तेथे ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही, म्हणून ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड बनतो. टोकाच्या जरा मागे तंबाखू न जळता उष्णतेनेच फुटते. तिच्या रेणूंचे तुकडे होतात आणि ते पुन्हा नव्या रीतीने जोडले जातात. परिणामी धुरात 7,000 हून अधिक पदार्थ सापडतात, आणि त्यांतील निदान 70 कर्करोगकारक आहेत. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हीमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्यामुळे रक्त असूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो.

या धुराची किंमत किती, ते इंग्लंडमधील रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 साली सुरू केलेल्या पाहणीतून कळले. त्यांनी तेथील डॉक्टरांच्याच सवयींची आणि मृत्यूंची नोंद ठेवली. पन्नास वर्षांचे निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यभर सिगारेट ओढणारा सरासरीने सुमारे 10 वर्षे आधी मरण पावतो. मात्र पन्नाशीत सोडली तरी त्यांपैकी सुमारे 6 वर्षे परत मिळतात, आणि तिशीत सोडली तर जवळजवळ सगळीच.

आपल्या सोलापूरच्या विड्या प्रसिद्ध आहेत. विडी पानाची, म्हणून सौम्य, असा समज आहे. तो खोटा आहे. टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज शिरत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी वारंवार आणि जोराने ओढावी लागते. तिच्या धुरात निकोटिन आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा जास्तच आढळतात.

पेनासारख्या यंत्रात काय असते?

आजची ई-सिगारेट चीनमधील औषधशास्त्रज्ञ होन लिक यांनी 2003 साली तयार केली. तिची रचना तुम्हाला सहज कळेल. एक विद्युतघट, तारेचे एक वेटोळे, त्याला लागून कापसाची वात आणि वातीत मुरलेले द्रव. द्रवात प्रोपिलीन ग्लायकॉल (उत्कलनबिंदू 188 अंश), ग्लिसरीन (290 अंश), सुगंधी द्रव्ये आणि बहुधा निकोटिन असते. घटाचा विभवांतर 3.7 व्होल्ट आणि वेटोळ्याचा रोध 1 ओहम धरला, तर शक्ती सुमारे 14 वॅट येते. तेवढ्याने तार काही क्षणांत दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापते आणि द्रवाची वाफ होते. ही वाफ तोंडात येईपर्यंत थंडावते व तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. म्हणजे ओढणारा खरे तर वाफ ओढत नाही, तुषार ओढतो.

येथे तंबाखू जळत नाही, म्हणून डांबर नाही आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नाही. विद्यार्थ्याचे म्हणणे एवढ्यापुरते बरोबर आहे.

पण पातेल्यातले पाणी आटले तर काय होते? पातेले करपते. वात कोरडी पडली किंवा शक्ती वाढवली की तारेचे तापमान चढते, द्रवाचे रेणू फुटतात आणि फॉर्मल्डिहाइडसारखे घातक पदार्थ तयार होतात. तारेतील निकेल, क्रोमियम यांचे अंशही तुषारात सापडले आहेत. सुगंधी द्रव्ये खाण्यास चालतात, म्हणून ओढण्यास चालतात असेही नाही. जठर आणि फुप्फुस ही दोन निराळी इंद्रिये आहेत.

आणि निकोटिन तर तसेच राहते. तंबाखूत चुना का मळतात, याचा विचार तुम्ही केला आहे काय? चुना अल्कधर्मी आहे. त्याच्यामुळे निकोटिन मोकळे होते आणि तोंडाच्या अस्तरातून झटकन रक्तात शिरते. अनेक नव्या ई-सिगारेटींत नेमके उलटे करतात. द्रवात आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार बनवतात. तो घशाला खवखवत नाही, त्यामुळे जास्त तीव्रतेचे निकोटिनही सहज ओढता येते. पहिल्या झुरक्याला लागणारा ठसका ही शरीराने दिलेली सूचना असते. येथे ती सूचनाच काढून टाकली आहे. हे निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते, आणि मेंदूची घडण तर विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. तुमच्या वयात सवय लवकर जडते ती यामुळेच.

पायरी एकच, पण कोणासाठी?

आता मूळ प्रश्न. सिगारेट सोडून व्हेप धरणे बरे काय? भौतिकशास्त्रात आपण उंची सांगतो, तेव्हा ती कोठून मोजली हे आधी सांगावे लागते. पायऱ्यांची एक जुनी विहीर डोळ्यांपुढे आणा. मधल्या पायरीवर उभे राहणे चांगले की वाईट? जो तळाच्या पाण्यात आहे त्याच्यासाठी ती वरची पायरी आहे. जो काठावर उभा आहे त्याच्यासाठी तीच खालची पायरी आहे. पायरी तीच, दिशा निराळी.

काका तळाशी होते. त्यांनी सिगारेट पूर्ण सोडली असेल, तर विषारी पदार्थांचा मारा पुष्कळ कमी झाला, हे मान्य करावे लागेल. इंग्लंडमधील 886 माणसांवरील एका प्रयोगाचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी 18 टक्के लोक वर्षानंतरही सिगारेटपासून दूर होते, तर निकोटिनच्या गोळ्या-पट्ट्या वगैरे घेणाऱ्यांपैकी 9.9 टक्के. मात्र त्या 18 टक्क्यांपैकी पाचांतले चार जण वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते! म्हणजे बहुतेक जण मधल्याच पायरीवर बसून राहिले. तेथे किती वर्षे बसले तर काय होते, हे आज कोणीच मोजलेले नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाला दोन-तीन दशके लागतात, आणि या यंत्राचा प्रसार त्याहून अलीकडचा आहे.

दुसरी एक गोष्ट. पुष्कळ जण घरी व्हेप आणि बाहेर सिगारेट असे दोन्ही चालवतात. त्यात फारसा लाभ नाही. हृदयाची हानी सिगारेटींच्या संख्येच्या प्रमाणात घटत नाही. दिवसाला 20 सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा धोका वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मा एका सिगारेटीने वाढतो. येथे त्रैराशिक लागू पडत नाही.

तिसरी गोष्ट. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा एक गंभीर विकार पसरला. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्णांची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. बहुतेकांनी गांजातील मादक द्रव्य असलेले, खासगी रीतीने मिळवलेले द्रव ओढले होते, आणि त्यात मिसळलेल्या ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटकडे मुख्य संशय गेला. तपासणी नसलेल्या मालात काय असेल, ते ओढणाऱ्याला कळत नाही. भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात या सर्वांना बंदी आहे. म्हणून येथे चोरून मिळणारा माल अशा तपासणीबाहेरचाच असतो.

आपल्या गावाकडे पाहू

2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी 3.8 टक्के धूम्रपान करणारे, तर 24.4 टक्के बिनधुराची तंबाखू घेणारे आढळले. आपल्याकडे विडी सोडून मिश्री किंवा चुना-तंबाखू धरणारेही "मी सोडली" असेच म्हणतात. ही तर वरची पायरीसुद्धा नव्हे. धूर गेला, पण कर्करोगकारक पदार्थ फुप्फुसाऐवजी तोंडात आले. आपल्या बार्शी तालुक्यात 1987 साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. आपल्या खेड्यांतील रुग्णांची नोंद तेव्हापासून ठेवली जात आहे.

विद्यार्थ्याने शेवटी विचारले, "मग काकांना मी काय सांगू?"

मी म्हणालो, "तुम्ही खोटे बोलता असे म्हणू नकोस. सिगारेट खरेच सुटली असेल तर ते एक पायरी चढले आहेत. 'काका, आता काठापर्यंत या' एवढेच म्हण." त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या घेता येतात, त्यांची मात्रा ठरलेली असते आणि ती हळूहळू कमी करता येते. तंबाखू सोडण्यासाठी 1800-11-2356 या क्रमांकावर मोफत सल्लाही मिळतो.

"आणि तू," मी म्हणालो, "काठावर उभा आहेस. तुझ्यासाठी या विहिरीतली प्रत्येक पायरी खालीच जाते."

करून पाहा

1. थंड स्टीलचा चमचा चिमट्यात धरून आधी मेणबत्तीच्या ज्योतीत आणि नंतर, पुसून व थंड करून, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरा. दोन्ही वेळा चमच्यावर काय जमते? फरक का पडला? (मोठ्यांच्या देखत करावे.)

2. वेटोळ्याचा रोध निम्मा केला आणि विभवांतर तेच ठेवले, तर शक्ती किती होईल? वात कोरडी पडण्याशी त्याचा काय संबंध आहे?

3. 'अमुक पदार्थ आरोग्याला बरा' अशी एखादी जाहिरात शोधा. तो कशापेक्षा बरा, हे तिने सांगितले आहे काय?