परगांवीं जमीन घेणारांस फेरफाराविषयीं चार शब्द

परगांवाहून देवळा तालुक्यांत जमीन घेऊन वस्तीस येणाऱ्या कास्तकाराचें पहिलें वर्ष नांगरट, विहीर व घर यांतच सरतें. खरेदीखत नोंदलें त्याच दिवशीं सरकारदरबारचें काम संपलें, असें तो समजतो. ही समजूत किती महाग पडते हें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनीं असेंच शेत घेतलें. दस्त नोंदून खत पेटींत ठेविलें. फेरफाराची नोटीस त्यांच्या जुन्या गांवच्या पत्त्यावर गेली. इकडे विकणाराच्या बहिणीनें आपल्या हिश्शाबद्दल हरकत घेतली व नोंद तक्रारी ठरली. गृहस्थांस याचा पत्ताच नाहीं! पुढें २०२३ सालीं, फेब्रुवारी व मार्च महिन्यांत विकलेल्या कांद्यास सरकारनें क्विंटलमागें ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केलें. गृहस्थ बाजार समितीची पट्टी घेऊन निघाले. परंतु अनुदानास सातबाऱ्यावरील कांद्याची नोंद हवी होती, आणि सातबाऱ्यावर त्यांचें नांवच नव्हतें. पुरतें अनुदान धरलें तर सत्तर हजारांची गोष्ट!

तेव्हां नवागतानें खरेदीपूर्वींच आपल्या जुन्या गांवचा आठ-अ किंवा सातबारा काढून जवळ ठेवावा. १९४८ च्या कूळकायद्याच्या ६३ व्या कलमान्वयें बिगरशेतकऱ्यास परवानगीवांचून शेतजमीन घेतां येत नाहीं. सबब शेतकरीपणाचा पुरावा प्रथम लागतो. विकणाराचे जुने फेरफारहि वाचून पाहावे, म्हणजे बहिणी, चुलते वगैरे कोणाचा हिस्सा राहिला आहे काय हें कळतें. देवळा हा तालुका १९९९ सालीं स्वतंत्र झाला. त्यापूर्वीं देवळा गांव कळवण तालुक्यांत असे. जुन्या कागदांवर कळवणचें नांव दिसल्यास गोंधळूं नये.

दस्त नोंदल्यावर तालुक्याच्या कचेरींत खेटे घालण्यापूर्वीं गांवची चावडी गांठावी. तलाठ्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नांव बदललें, काम तेंच आहे. एकाकडे अनेक गांवें असूं शकतात, म्हणून ते कोणत्या वारीं कोठें बसतात हें शेजाऱ्यास विचारावें. नोंदलेल्या दस्ताची खबर दुय्यम निबंधकाकडून परभारें येते. परंतु वारसानें किंवा अन्य रीतीनें मिळालेल्या हक्काची वर्दी ज्याची त्यानें तीन महिन्यांचे आंत द्यावी व लेखी पोच घ्यावी, असें १९६६ च्या जमीन महसूल संहितेचें १४९ वें कलम सांगतें. दस्तांत पत्ता लिहितांना नोटीस जेथें खरोखर हातीं पडेल तोच लिहावा. हरकतीस पंधरा दिवसांची मुदत असते. ती सरल्यावर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्या सुमारास स्वतः जाऊन फेरफाराचा क्रमांक विचारावा. निकाल विरुद्ध गेल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे साठ दिवसांचे आंत अपील करतां येतें.

नांव लागलें म्हणजे पिकाची नोंद. २०२१ पासून ही पाहणी कास्तकारानें स्वतःच मोबाइलवरून करावयाची असते, व ती त्या त्या हंगामाच्या मुदतींतच. २०२५ पासून शेतकी खात्याच्या योजनांस शेतकरी ओळख क्रमांकहि लागतो, आणि त्याचा आधार पुन्हां सातबाराच.

दाखल्यांसाठीं आपलें सरकार सेवा केंद्र आहे. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानें प्रत्येक अधिसूचित सेवेस मुदत घालून दिली आहे. अर्जाच्या पोचेवरील क्रमांक जपून ठेवावा. मुदत टळल्यास किंवा अर्ज नाकारल्यास तीस दिवसांचे आंत पहिलें अपील करितां येतें. मध्यस्थाच्या हातीं मूळ कागद देऊं नयेत. तो दुसऱ्या तालुक्यास गेला म्हणजे त्याच्यामागें कोण धावणार?

वरील गृहस्थांनीं पुढें सुनावणीस जुने फेरफार व वांटणीपत्र हजर केलें, आणि नोंद त्यांच्या नांवें प्रमाणित झाली. त्या वर्षींचें अनुदान मात्र गेलें तें गेलेंच.