संत्र्याची बाग, उन्हाळा आणि तण

विदर्भातील काटोल, नरखेड, वरूड व मोर्शी हा परिसर संत्र्यासाठी ओळखला जातो. येथील अंबिया बहाराची फुले साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत येतात. त्यामुळे फळे लहान असतानाच उन्हाळा सुरू होतो आणि विहिरींचे पाणी आटू लागते. या काळात पाणी कमी पडले, तर प्रथम फळगळ होते आणि टंचाई लांबली, तर झाडच वाळते. 2019 च्या उन्हाळ्यात वरूड-मोर्शी भागातील अनेक बागा अशाच वाळल्या. एक बाग उभी करण्यास कित्येक वर्षे लागतात; म्हणून उन्हाळ्यात थेंब थेंब पाणी वाचवणे हाच बागायतदारापुढील खरा प्रश्न असतो.

पाण्याचे वाटेकरी

संत्र्याची पाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळे जमिनीच्या वरच्या एक ते दीड फुटाच्या थरात असतात. हरळी, लव्हाळा, गाजरगवत यांसारखी तणेही याच थरातील ओलावा घेतात. ठिबक सिंचनाच्या बागेत जेथे ओल, तेथेच तण दाट उगवते. म्हणजे झाडासाठी दिलेल्या पाण्यात तण प्रथम वाटा मागते.

तण कसे काढावे?

तण काढण्याची योग्य वेळ पावसाळा संपताच येते. तेव्हा जमिनीत ओल असते, मुळे सहज उपटतात आणि तणांचे बी गळण्यापूर्वी त्यांचा बंदोबस्त होतो. उन्हाळ्यात झाडाच्या घेराखाली खोल खोदणी करू नये. कारण तणाबरोबर संत्र्याची बारीक मुळेही तुटतात. तेथे हलकी खुरपणी पुरेशी असते. काळी जमीन वाळली की तिला भेगा पडतात व त्यांतून खोलवरची ओल उडून जाते. वरवरच्या कोळपणीने या भेगा बुजतात. म्हणूनच शेतकरी म्हणतात, 'एक कोळपणी, अर्धे पाणी.'

कोरड्या काळात तणनाशकाचा भरवसा धरता येत नाही. पाण्याअभावी सुकलेले, धुळीने माखलेले तण औषध नीट शोषत नाही आणि ते मुळांपर्यंत पोहोचत नाही. फवारा कोवळ्या झाडाच्या हिरव्या सालीवर उडाला, तर इजा मात्र संत्र्यालाच होते.

उघडी जमीन नव्हे, झाकलेली जमीन

तण काढून जमीन उघडी टाकली, तर तणाने घेतले नसते ते पाणी ऊन घेते. यावर उपाय आहे आच्छादनाचा. वाळलेले गवत, गव्हाचा भुसा किंवा सोयाबीनचे कुटार यांचा सुमारे चार इंच जाडीचा थर झाडाच्या घेराखाली पसरावा. त्याने ओल टिकते आणि प्रकाश न मिळाल्याने नवे तणही फारसे उगवत नाही. बी धरण्यापूर्वी कापलेले तण आच्छादनास चालते. हरळीच्या कांड्या व लव्हाळ्याच्या गाठी मात्र वेचून बागेबाहेर टाकाव्यात, कारण त्या पुन्हा रुजतात. आच्छादन खोडापासून वीतभर दूर ठेवावे. खोडाशी ओल साचल्यास डिंक्या रोगास वाव मिळतो.

तण हे सर्व काळ शत्रू नसते. पावसाळ्यात उताराच्या जमिनीवर दोन ओळींमधील गवत माती धरून ठेवते. तेच गवत उन्हाळ्यात कापून झाडाखाली घातले, तर पाण्याचा वाटेकरी पाण्याचा राखणदार होतो. कोणते तण, कोठे आणि केव्हा ठेवावे, हे ओळखण्यातच बागायतदाराचे कौशल्य आहे.

शब्दार्थ
बहार – फळझाडाचा फुलण्याचा हंगाम
कुटार – मळणीनंतर उरलेला भुसा
डिंक्या – खोडातून डिंक गळण्याचा रोग

स्वाध्याय
1. उन्हाळ्यात झाडाखाली खोल खोदणी का टाळावी?
2. 'पाण्याचा वाटेकरी पाण्याचा राखणदार होतो', हे विधान स्पष्ट करा.